इंजिनाची वाकळ

बेळगाव
२१ जानेवारी १९८२

आक्का,

इथूनच वाकून नमस्कार करते. तू पाय मागे घेतलेस तरी मला दिसणार नाही, हे एक बरं आहे.

संक्रांतीचा तिळगूळ पोहोचला असेल. परत आला नाही, म्हणजे कुणीतरी खाल्ला असं धरून चालले आहे. गेल्या संक्रांतीलाही असंच धरलं होतं.

तुझा भरमा खुशाल आहे. उद्यमबागेत भावकू मिस्त्रीच्या कारखान्यात लेथवर काम करतो. शर्टाचे तेलाचे डाग सोड्यात भिजवले तरी निघत नाहीत. जेवण व्यवस्थित आहे. माझ्या हातचा झुणका खाताना म्हणतो, "आईच्यासारखा न्हाय, पर चालतंय." तुला बरं वाटावं म्हणून हे लिहिते आहे. लिहिताना मला थोडं लागलं, तेही लिहून टाकते.

एक मागणं आहे. तुझं एखादं जुनं, धुवून धुवून मऊ झालेलं सुती लुगडं पाठव. वाकळ शिवायची आहे. वडगावच्या मालुबाई येतात शिवायला. त्यांचं म्हणणं असं, की वाकळीत घरातल्या सगळ्यांचं काही ना काही असावं, पण अंगाला लागणारा थर पोराच्या आईच्या लुगड्याचाच हवा. "त्याबिगर वाकळ म्हंजे नुस्त्या चिंध्या," म्हणाल्या. यंदा इकडे थंडीही बरीच आहे.

काल कॅम्पातून चालत येताना कॉन्व्हेंटच्या फाटकाशी थांबले. सुट्टी संपली की तू मला निपाणीच्या स्टँडवर आणायचीस, आठवतं? माझ्या काळ्या बुटांच्या नाड्या खाली बसून तू बांधायचीस. तुझ्या पायात काही नसायचं. आई गेल्यावर एकीनं घर सांभाळायचं आणि एकीनं शिकायचं असं ठरलं, तेव्हा कुणी तुला विचारलं होतं का गं? मला तर कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही विचारलं नाही.

दाजींना नमस्कार सांग. म्हणजे हे वाक्य वाचून दाखवताना ते स्वतःच घेतील.

तुझी
यशी


बेळगाव
८ फेब्रुवारी १९८२

आक्का, आणि दाजी,

दाजींचं नाव या वेळी मुद्दाम घातलं. माझी पत्रं तुला तेच वाचून दाखवतात, म्हणून आजवर मी दोघांना चालेल तेवढंच लिहीत आले. आज तसं करणार नाही. दाजी, मध्येच राग आला तरी थांबू नका. आक्काला शेवटपर्यंत वाचून दाखवा.

मागच्या पत्रात खोटं काही नव्हतं, पण खरंही नव्हतं. वाकळ भरमाच्या अंगावर घालायला नको आहे. ती त्याच्या गाडीच्या इंजिनाला बांधायची आहे.

हो, तो अजून शर्यतीत गाडी पळवतो. ज्यासाठी दाजींनी त्याला "वखारीत पाय ठेवू नकोस" म्हटलं आणि तो दोन वर्षांपूर्वी पिशवी घेऊन माझ्या दारात आला, तेच. मी तुम्हाला सांगत राहिले की ते खूळ गेलं. गेलं नाही. जुनी लहानशी गाडी आहे, तिच्यात भावकूने मोठ्या गाडीचं इंजिन बसवलंय. कोगनोळीचा नाका ओलांडून पुढे एक जुनी धावपट्टी आहे, आता तिथं विमानं उतरत नाहीत. तिच्यावर दोन गाड्या शेजारी उभ्या करतात, निशाण पडलं की सुटायचं, सरळ. बघणाऱ्याने श्वास घेऊन सोडेपर्यंत संपतं.

गाडी ट्रकवर चढवून नेतात. तो ट्रक तुमच्याच रस्त्याने जातो. मी पुढे बसलेली असते. उजव्या हाताला तुमची वखार आली की भरमा तिकडे बघतो आणि मी डावीकडे. आम्ही एकदाही थांबलो नाही.

डिसेंबरच्या शर्यतीत अपघात झाला. भरमाला काही झालं नाही, हे आधी ऐक. इंजिनाच्या आतला दांडा तुटला आणि पोट फोडून बाहेर आला. सगळं तेल पट्टीवर सांडलं, त्याच्याच मागच्या चाकांखाली. गाडी भोवऱ्यासारखी फिरून थांबली. लोक भुसा टाकायला धावले, पण सगळं तेल काही दिसत नाही, ऊन होतं. पुढच्या जोडीतला खानापूरकडचा रवळू मोटारसायकल घेऊन त्याच्यावरून गेला आणि घसरला. मांडीचं हाड मोडलं.

भरमा त्याला दवाखान्यात भेटायला गेला तेव्हा मी बरोबर होते. दोघंही छताकडे बघत बसले. मग रवळूच म्हणाला, "तुजं त्याल लई गुळगुळीत हुतं रं, पावण्या. माज्या म्हशीला लावायला थोडं ठेवायचं हुतंस." भरमा हसला आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून रडला.

आता माझं ऐका. त्या सकाळी इंजिनातून बारीक खडखड येत होती. भावकू म्हणाला, "आज नगं. उघडून बघूया." भरमाने माझ्याकडे बघितलं. तो हो-नाही विचारत होता, मी त्याची आई असल्यासारखा. आक्का, तू असतीस तर कान धरून घरी नेलं असतंस. मी म्हणाले, "एवढ्या लांब आलोय." एवढंच म्हणाले.

शर्यत भरवणाऱ्या क्लबाने सांगितलंय, यापुढे इंजिनाखाली तेल धरून ठेवणारं काहीतरी हवंच. पत्रा असो, कापड असो, थेंब खाली पडता कामा नये. त्याशिवाय गाडी पट्टीवर येऊ देणार नाहीत. पुढची शर्यत मार्चमध्ये आहे.

भावकूला पत्र्याचा ट्रे हवा. एका दिवसात वेल्डिंग करून आणलासुद्धा. भरमाने कुठून तरी इंग्रजी मासिक पैदा केलं, ते मी त्याला वाचून दाखवते. त्यात परदेशातल्या गाड्यांच्या इंजिनाला खालून जाड गादीसारखं कापड गुंडाळून पट्ट्यांनी आवळलेलं आहे. इंग्रजीत त्याला चक्क बाळुतं म्हणतात. मी तसं सांगितल्यावर भावकूने कपाळावर हात मारला.

"इंजिनाला बाळुतं? लोकं टाळ्या वाजवून हसतील रं! वर टोपडं पण घाला की. आनि काजळ."

"मिस्त्री, मासिकात लिवलंय त्ये," भरमा म्हणाला.

"मासिकात बाया पण अर्ध्या उघड्या असत्यात. मावशी, माफ करा हां. त्ये पण आनायचं का हितं?"

मग मीच म्हटलं, दोन्ही बघू. माझ्या अंगणात दुरुस्त केलेली गाडी उभी केली, ट्रेमध्ये जुनं तेल ओतलं आणि भरमाने गाडी एकदम सोडली. गाडी पुढे उडी मारते तेव्हा ट्रेमधलं तेल मागे जातं, आक्का, घागर डोक्यावर घेऊन धावल्यासारखं. सगळं मागच्या काठावरून सांडलं, नेमकं मागच्या चाकांपुढे. माझी तुळस तेवढी वाचली. भावकू म्हणाला, काठ उंच करतो. केला. परत सांडलं. कापड मात्र तेल पिऊन घेतं. मासिकात एक वाक्य आहे, मी ते भरमाला दोनदा वाचून दाखवलं: याने इंजिन वाचत नाही, मागून येणारा वाचतो.

तेव्हा ठरलं वाकळच करायची. बाहेरून फाउंड्रीत भट्टीपाशी वापरतात ते ॲस्बेस्टॉसचं कापड, मध्ये पिठाच्या गिरणीचा जुना पट्टा, तुकडे उडाले तर अडवायला, आणि आत तेल प्यायला सुती थर. नवं कापड चालत नाही, खळीमुळे तेल वरून ओघळून जातं. जुनंच हवं.

म्हणून लुगडं मागितलं होतं. कशासाठी ते लिहायचं धैर्य झालं नाही. आता लिहिलंय. पाठवायचं की नाही ते तू ठरव.

यशी


बेळगाव
२६ फेब्रुवारी १९८२

आक्का,

तुझं लुगडं आलं नाही. यात तुझी चूक नाही. मी पुढे जे केलं त्यात तुझी काहीच चूक नाही.

मालुबाई आल्या. शेजारणींनी जुनी लुगडी, धोतरं, पंचे दिले होते. कॉन्व्हेंटात शिवणाच्या सिस्टरांनी एक शिकवलं होतं: कापडाचा धागा ओढून काडीने पेटवायचा. सुती असेल तर राख होते, नायलॉन असेल तर वितळून मणी होतो. इंजिनाजवळ मणी होणारं काही नको, म्हणून मी प्रत्येक कापडाचा धागा जाळून बघितला. मालुबाई खो खो हसत होत्या. "बाई, वाकळ शिवतायसा का होळी पेटवतायसा?"

शेवटी आतला थर उरला. मालुबाईंनी सुई दातात धरून हात पुढे केला. "आना. पोराच्या आईचं."

मी आत गेले. माझी एक मोतिया रंगाची साडी होती, मऊ, अंगाला छान बसणारी. बाहेर येऊन ती त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "हे घ्या. आईचं."

त्यांनी कपाळाला लावून घेतली. मला तेव्हाच बोलता आलं असतं. वाकळ शिवून संपत आली की मालुबाई शेवटच्या कोपऱ्यातून चतकोर भाकरी आत सरकवतात आणि मग टाका घालतात. उपाशी वाकळ ऊब देत नाही म्हणतात. भरमा म्हणाला, "आज्जी, इंजान भाकरी खाईत न्हाय." मालुबाई म्हणाल्या, "तू गप. वाकळ खाती." सगळे हसले. मीही हसले.

सगळ्यांचे धागे जाळून बघितले, फक्त माझ्या साडीचा बघितला नाही. विसरले असं मी भरमाला सांगितलं. तुला तसं सांगणार नाही. मला ती आत असायला हवी होती. माझं काहीतरी त्याच्या सगळ्यात जवळ असावं असं वाटत होतं, आणि काडी ओढली असती तर कळलं असतं.

कारखान्याच्या आवारात भरमाने वाकळ बांधून इंजिन सुरू केलं. थोड्या वेळाने वास आला. वाकळीची वरची कड धुराच्या नळीला लागत होती. इतर थर नुसते काळे पडले, माझी साडी वितळून नळीला चिकटली आणि पेटू लागली. भरमाने उघड्या हाताने ओढून काढली. उजव्या तळहाताची कातडी तिच्याबरोबर आली.

मी हातावर पाणी ओतत होते. तो वितळलेल्या गोळ्याकडे बघत म्हणाला, "मावशी, माज्या आईनं जल्मात नायलॉन नेसल्यालं न्हाय."

मी पाणी ओतत राहिले.

"आईचं म्हणून सांगितलंस. आईचं असतं तर जळलं नसतं."

भावकूने वाकळ कोपऱ्यात टाकली. भरमा म्हणतो आता ट्रेच लावणार. क्लबाच्या माणसाला खाली काहीतरी बांधलेलं दिसलं की पुरे, तो काही गाडी पळवून बघत नाही. "तेल सांडतं हे तू बघितलंस ना?" मी विचारलं. तो म्हणाला, "इंजानच फुटलं न्हाय तर सांडंल कशाला?" हे तो मला म्हणत नव्हता, स्वतःला म्हणत होता. रवळूच्या खाटेशी बसलेला भरमा असं बोलला नसता. माझ्यावरच्या रागाने बोलतोय. आणि माझं तो आता ऐकत नाही, ऐकावं असं मी काही ठेवलंही नाही.

शर्यत २१ मार्चला, रविवारी आहे. ट्रे लावून तो पळणार आणि इंजिन फुटलं तर या वेळी कोण सापडेल, तो की मागचा, मला माहीत नाही. त्याला थांबवणारा शब्द तुमच्याकडे आहे. मी दोन वर्षं तो तुमच्याकडून मागितला नाही, कारण मग भरमा घरी गेला असता. माझं घर मग पुन्हा रिकामं.

दाजी, हे वाचून दाखवलंत का?

यशोदा


बेळगाव
१३ मार्च १९८२

आक्का,

पार्सल पोहोचलं.

निपाणीच्या मोटारीच्या कंडक्टरने आणून दिलं. चिठ्ठी नव्हती. मी आत हात घालून शोधली, मग बोचक्याच्याच गाठीत बघितली. नव्हतीच.

तुझं हिरवं, लाल काठाचं लुगडं वर होतं. मी ते उलगडून मांडीवर घेतलं. खाली एक पांढरा पटका होता. मला वाटलं लुगडं गुंडाळायला घेतला असेल. मग त्याचं टोक दिसलं. टोकाचे धागे जळलेले होते, बोटाच्या पेराएवढे, आणि तिथे राख होती. मणी नव्हता.

लुगड्याचा पदरही बघितला. तिथेही तसंच.

दाजी, तुम्ही काडी ओढून बघितलीत.

भरमा कारखान्यातून आला तेव्हा मी दोन्ही त्याच्यापुढे ठेवली आणि बाजूला झाले. त्याने लुगडं आधी घेतलं, तोंडाला लावलं. पटका बघून म्हणाला, "ह्यो कुनी दिला?" मी म्हणाले, "तूच ओळख." त्याने जळलेलं टोक पट्टी बांधलेल्या हाताने धरून उजेडाकडे केलं. "ह्यो तर वखारीत जाताना बांधायचा पटका." मग, "इंजानाखाली बांधायचा? आप्पांच्या डोक्यावरचा?"

"पाठवलाय कशाला मग?" मी म्हणाले.

त्याने पटका घडी करून लुगड्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातली वाकळ स्वतः घरी घेऊन आला आणि मालुबाईंना बोलावून आण म्हणाला.

मालुबाईंना मी खरं सांगितलं. मागची साडी माझी होती, पोराची आई निपाणीला असते. त्यांनी वाकळ मांडीवर ओढली. मग म्हणाल्या, "मला ठावं हुतं, बाई. आई अशी आत जाऊन साडी निवडत बसत न्हाय. हाताला लागंल ती फाडती." आणि जळका थर उसवायला लागल्या.

आता तुझं लुगडं आत आहे, त्याच्याबाहेर दाजींचा पटका, घडीवर घडी. वरची कड नळीपासून दूर येईल अशी कापून घेतली आणि मधे ॲस्बेस्टॉस घातलं. भाकरीही नवी घातली. भावकूने येऊन वाकळ हातात तोलली, म्हणाला, "पटका बांधलाय म्हंजे ह्याला आता बाळुतं म्हनता येत न्हाय. थोरला मानूस झाला की ह्यो."

ट्रक रविवारी सकाळी तुमच्या रस्त्याने जाईल. उभे राहा असं मी म्हणत नाही. नुसतं कळवते.

यशी


बेळगाव
२२ मार्च १९८२

आक्का, दाजी,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. भरमाच्या हाती देते आहे. तो आज दुपारच्या मोटारीने येतोय.

काय झालं ते तो नीट सांगणार नाही म्हणून मी लिहिते.

दाजी, तुम्ही वखारीच्या दारात उभे होतात. उघड्या डोक्याने. तुम्हाला तसं मी कधी बघितलं नव्हतं, तुमच्या लग्नापासून नाही. तुमच्याकडे एकच पटका आहे असं तर नाही. आक्का, तू पायरीवर बसली होतीस, तुझ्या डोक्यावरून पदर होता. या वेळी मी डावीकडे बघितलं नाही. भरमा म्हणाला, "थांबवू नका," आणि ड्रायव्हरने थांबवलं नाही. पण तो मागे वळून गावाबाहेर येईपर्यंत बघत होता. मग पुढे तोंड करून म्हणाला, "आप्पांचं डोस्कं पांढरं झालंय गं सगळं."

पट्टीवर क्लबाचा माणूस खाली वाकून वाकळीला बोट लावून बघत होता. "हे काय? कडेला पांढरं काय दिसतंय?" भरमा म्हणाला, "आमच्या आप्पांचा पटका." तो माणूस उठला आणि काही न विचारता जा म्हणाला.

रवळूही आला होता, कुबड्या घेऊन. मी त्याच्या शेजारी उभी होते.

भरमा हरला. अर्ध्यावर इंजिन पुन्हा गेलं. तोच आवाज, आक्का. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा गाडी पट्टीवर सरळ उभी होती, फिरली नव्हती, आणि खाली वाकळ पोटाएवढी फुगली होती. भुसा घेऊन धावलेली माणसं पट्टीवर ओणवी होऊन तेल शोधत होती. भुसा तसाच परत नेला. मग पुढची जोडी सुटली. दोन पोरं मोटारसायकलवरून त्याच जागेवरून गेली, आणि गेली. रवळूने माझा दंड धरला होता, तो सोडला.

भावकू वाकळ सोडवताना म्हणाला, "पत्रा असता तर..." आणि बोट दाखवलं. तुटलेल्या दांड्याचा तुकडा गिरणीच्या पट्ट्यात रुतला होता. सगळे थर काळे, तेलाने जड. भाकरीसुद्धा तेल प्यायली होती. भरमाने वाकळ गाडीच्या टपावर ठेवली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवून उभा राहिला.

परत येताना तो निपाणीला उतरेल असं मला वाटलं. उतरला नाही. सकाळी चहा घेताना मी म्हणाले, "भरमा, घरी जा." दोन वर्षांत पहिल्यांदा म्हणाले. त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "तू?" मी म्हणाले, मला कारखान्याचे कपडे धुवायचे नाहीत म्हणून सुटल्यासारखं वाटतंय. त्याला ते पटलं नाही. तुम्हालाही पटणार नाही.

वाकळ तो बरोबर आणतोय. धुवून निघणार नाही, मी सांगितलं, तरी आणतोय. दाजी, तुमचा पटका परत देता येत नाही. तुमच्यापुढे तो इतका काळा ठेवायची भरमाला लाज वाटेल. त्याला काही म्हणू नका.

तो पुन्हा गाडी पळवेल की वखारीत बसेल, मला माहीत नाही. मी त्याला काही सांगितलेलं नाही. तुम्हीही आज विचारू नका. आज त्याला फक्त जेवायला वाढा.

आक्का, पाणी द्यायला जाशील तेव्हा तो तांब्या डाव्या हाताने घेईल आणि उजवा मागे ठेवेल. हात पुढे घे आणि बघ. जखम भरत आली आहे, पण डाग राहणार आहे. कशाने झालं विचारलंस तर तो इंजिन गरम होतं म्हणेल. माझं नाव सांगणार नाही. म्हणून मी लिहिते आहे: तो डाग माझ्या साडीचा आहे.

यशी